सातवाहन राजघराणे

सातवाहन हे प्राचीन दख्खनवर राज्य करणारे, महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासातील पहिले मोठे राजघराणे होय. गोदावरीकाठचे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण ही त्यांची राजधानी होती. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० कि.मी. अंतरावर हे गाव आहे. या घराण्याची सत्ता इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकली, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. तिचा आरंभ मात्र काही जण इ.स.पू. तिसऱ्या शतकात, तर काही जण इ.स.पू. पहिल्या शतकात धरतात. एकाच घराण्याच्या आरंभाविषयी दोन शतकांचा फरक का पडावा, हे समजून घेतल्याशिवाय त्यातील राजांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. म्हणून या लेखात राजांच्या आधी साधनांचा विचार केला आहे.

नाव

शिलालेखांत या कुळाचे नाव 'सातवाहन' किंवा 'सादवाहन' असे येते. पुराणे मात्र याच राजांना 'आंध्र', 'आंध्रजातीय' आणि 'आंध्रभृत्य' म्हणतात. सातवाहन हे कुलनाम त्यांच्या वंशावळीत नाही. उलट घराण्याच्या एकाही लेखात राजा स्वतःला आंध्र म्हणवत नाही. दोन्हीकडे राजांची नावे व त्यांचा क्रम पुष्कळसा जुळतो, म्हणूनच ही दोन नावे एकाच घराण्याची आहेत असे मानले जाते.

नावाच्या व्युत्पत्ती अनेक आहेत. 'कथासरित्सागरा'त सात नावाचा यक्ष ज्याचे वाहन झाला तो सातवाहन, अशी कथा येते. सात घोड्यांच्या रथाशी म्हणजे सूर्याशी नाते जोडणारी व्युत्पत्तीही प्रचलित आहे. कुलनाम आधी रूढ होते आणि त्याचा अर्थ लावणाऱ्या कथा मागाहून रचल्या जातात, हे येथेही घडलेले दिसते. प्राकृतात 'त'चा 'ल' होऊन सालवाहन, सालाहण अशी रूपे तयार झाली आणि त्यांचे पुन्हा संस्कृतीकरण होऊन 'शालिवाहन' हा शब्द बनला. भात किंवा साळ यांच्याशी त्याचा मूळ संबंध नाही.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र ही मातृनामे या घराण्याची ठळक खूण आहे. त्यांवरून सातवाहनांत मातृसत्ता होती असा समज अनेकदा करून दिला जातो. तो बरोबर नाही. गादी बापाकडून मुलाकडे किंवा भावाकडेच जात होती. राजाला अनेक राण्या असत आणि सातकर्णी, पुळुमावी ही नावे पुनःपुन्हा ठेवली जात. त्यामुळे आईच्या गोत्रनामावरून राजाची ओळख निश्चित होत असे. आईचे नाव लावणे हा सन्मान होता, पण वारसाहक्काचा नियम नव्हता.

साधने आणि कालगणनेचा वाद

सातवाहनांनी कोणताही सलग संवत वापरला नाही. त्यांचे लेख 'अमुक राजाचे १८वे वर्ष, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस' अशा पद्धतीने काळ देतात. राजा केव्हा गादीवर आला हे ठाऊक नसेल, तर अशा नोंदीने आपण फार पुढे जात नाही.

पुराणांचा आधार घ्यावा तर तेथे दोन विधाने एकमेकांशी भांडतात. सिमुकाने काण्व घराण्याच्या सुशर्म्याला मारून राज्य घेतले, असे पुराणे सांगतात. मौर्यांची १३७, शुंगांची ११२ आणि काण्वांची ४५ अशी पुराणांतीलच वर्षे मिळवली तर बेरीज २९४ येते. चंद्रगुप्त मौर्याचे राज्यारोहण इ.स.पू. ३२२च्या सुमारास धरल्यास सिमुक इ.स.पू. २८च्या आसपास येतो. पण मत्स्यपुराण आंध्र राजांना सुमारे ४६० वर्षे देते. ती इ.स.पू. २८पासून मोजली तर घराणे पाचव्या शतकात संपते, आणि तोपर्यंत दख्खनेत आभीर येऊन गेलेले व वाकाटक भरभराटीस आलेले असतात. शेवट तिसऱ्या शतकात धरून ४६० वर्षे मागे गेले, तर सिमुक इ.स.पू. २३५च्या सुमारास, अशोकाच्या मृत्यूच्या आगेमागे येतो. मग काण्वांची कथा सोडावी लागते. पहिला पर्याय स्वीकारणाऱ्यांची ती 'लघु' कालगणना आणि दुसरा स्वीकारणाऱ्यांची 'दीर्घ' कालगणना. वायुपुराणाच्या प्रतींत राजांची यादी बरीच तोकडी आहे, हे लघु कालगणनेच्या बाजूचे एक प्रमाण. नाणेघाटातील लेखाच्या अक्षरांचे वळणही अशोकाच्या लेखांपेक्षा पुष्कळ पुढचे आहे. त्यामुळे लघु कालगणनेकडे किंवा तिच्या जवळपास जाणाऱ्या मतांकडे अलीकडे कल वाढला आहे आणि तो युक्त वाटतो. शालेय पुस्तकांत इ.स.पू. २३० हे वर्ष ठामपणे छापलेले दिसते. तो एका पक्षाचा हिशेब आहे, एवढे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

नाण्यांनी या चित्रात मोठी भर घातली. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे आढळले, जे पुराणांच्या यादीत नाहीतच. म्हणजे पुराणांची यादी पूर्ण नाही. उलट कर्नाटकातील कनगनहळ्ळीच्या स्तूपावर मंतलक, सुंदर सातकर्णी अशा राजांची नावासह शिल्पे मिळाली. ही नावे तोवर केवळ पुराणांच्या भरवशावर होती. म्हणजे ती यादी काल्पनिकही नाही.

मूळ स्थान

पुराणांतील 'आंध्र' या शब्दामुळे घराण्याचा उगम आंध्रात झाला असे एक मत आहे. तेलंगणातील कोटिलिंगाल येथे सिमुकाची नाणी सापडल्याने त्याला बळ मिळाले. दुसरीकडे, सुरुवातीच्या राजांचे सर्व महत्त्वाचे लेख नाणेघाट व नाशिक येथे, म्हणजे पश्चिम दख्खनेत आहेत. कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशात त्यांचे लेख पुळुमावीपासून पुढे मिळतात. वि. सी. सुखठणकर यांनी 'सातवाहनिहार' या प्रदेशनामावरून बेल्लारी भागाचा पक्ष मांडला, तर वा. वि. मिराशी यांनी विदर्भाचा. महाराष्ट्र आणि आंध्र या आजच्या प्रांतांच्या सीमा दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांना लावून त्यांच्यावर हक्क सांगणे मुळात गैर आहे. गोदावरीचे खोरे त्र्यंबकपासून समुद्रापर्यंत एकच वाट होती, आणि हे घराणे त्या वाटेवर वाढले.

सातवाहनांपूर्वीही हा प्रदेश ओसाड नव्हता. अश्मक आणि मूलक ही दोन जनपदे गोदावरीच्या काठी होती. 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात बावरी नावाचा ब्राह्मण गोदाकाठी राहत होता व त्याचे शिष्य बुद्धाच्या भेटीसाठी मूलकाच्या पतिट्ठानाहून उत्तरेकडे निघाले, अशी कथा आहे. त्यांच्या मार्गात माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा अशी गावे येतात. पैठणहून उत्तरेस जाणारा व्यापारी रस्ता तो हाच.

पहिले राजे

सिमुक हा संस्थापक. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, कोकणातून वर येणाऱ्या खिंडीच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. प्रतिमा आज नष्ट झाल्या असून पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वरची अक्षरे मात्र आहेत.

सिमुकानंतर त्याचा भाऊ कन्ह किंवा कृष्ण गादीवर आला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १९ क्रमांकाचे लेणे त्याच्या काळात, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने करविले. 'महामात्र' हे पद अशोकाच्या शासनव्यवस्थेतले. नव्या राज्याने जुन्या राज्याची कचेरी तशीच चालू ठेवली, असे यावरून म्हणता येते.

पहिल्या सातकर्णीच्या वेळी हे छोटे राज्य दख्खनची सत्ता बनले. नाणेघाटाच्या लेखात त्याला 'दक्षिणापथपति' म्हटले आहे. हा लेख त्याची राणी नागनिका अथवा नायनिका हिचा. ती महारठी कुळातील मुलगी. म्हणजे हा विवाह स्थानिक सरदारांशी जोडलेला राजकीय संबंधही होता. लेखात दोन अश्वमेध, राजसूय व इतर अनेक यज्ञांची आणि त्यांतील दक्षिणांची मोजदाद आहे. कोठे ११,००० गायी व १,००० घोडे, कोठे २४,४०० कार्षापणे. या आकड्यांमुळेच भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात नाणेघाटाचे नाव आवर्जून घेतले जाते. पतीच्या निधनानंतर तपस्विनीसारखे जीवन जगणारी, महिनाभर उपवास करणारी असे राणीचे वर्णन आहे. मुलगे अल्पवयीन असताना तिने कारभार पाहिला असावा, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे.

त्याच काळाच्या आसपास कलिंगचा राजा खारवेल याने सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठविल्याची नोंद हाथीगुंफा लेखात आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचे दान कोरलेले आहे. हे दोन्ही उल्लेख कोणत्या सातकर्णीचे, यावर कालगणनेच्या वादाचीच छाया आहे.

यानंतरच्या दीर्घ काळातील बहुतेक राजे नावापुरतेच उरतात. अपवाद हालाचा. पुराणांच्या यादीत तो सतरावा असून त्याला जेमतेम पाच वर्षांचे राज्य दिले आहे. त्याच्या नावावर युद्ध नाही, दान नाही. आहे ती 'गाथासप्तशती'. तिच्याविषयी पुढे.

क्षहरातांचे आक्रमण

इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पश्चिम भारतात शक क्षत्रपांचा जोर वाढला. क्षहरात कुळातील नहपानाने नाशिक, जुन्नर, कार्ले आणि कोकणची बंदरे हा सातवाहनांचा गाभ्याचा प्रदेश हिसकावून घेतला. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या नौकानयनाच्या पुस्तकात या संघर्षाची अर्थकारणाच्या अंगाने नोंद आली आहे. पूर्वी कल्याण हे नियमित बंदर होते, परंतु आता तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे त्याचा लेखक सांगतो. म्हणजे जमिनीपेक्षाही जकातीचे हे युद्ध होते.

नहपानाचा जावई उषवदात याचे नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील लेख वाचण्याजोगे आहेत. त्याने गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळच्या गावातील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने, आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरांसाठी द्यावयाची होती. २,०००वर दरमहा २०, म्हणजे वर्षाचे २४०. आणि २० गुणिले १२ बरोबर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आजही पैशापैशाने जुळतो. विणकरांची श्रेणी अशा ठेवी घेण्याइतकी विश्वासार्ह होती, हीच येथे मोठी गोष्ट आहे.

गौतमीपुत्र सातकर्णी

या घराण्यातील सर्वांत कर्तबगार राजा. त्याने नहपानाचा पराभव केला. याचे प्रमाण दुहेरी आहे. एक, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेला १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा. ही सारी नाणी नहपानाची. पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला आहे. जुन्या चेहऱ्यावर नवी चिन्हे बसलेली ही नाणी पाहताना सत्तांतर म्हणजे काय ते एका नजरेत कळते.

दुसरे प्रमाण नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यातील लेखांचे. येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. या लेण्यात राजाची आई गौतमी बलश्री हिने कोरविलेली प्रशस्ती आहे, आणि राजाच्या प्रत्यक्ष आज्ञापत्रांच्या नकलाही आहेत. प्रशस्ती पुळुमावीच्या १९व्या वर्षीची, म्हणजे गौतमीपुत्राच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, ज्याने शक-यवन-पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापिले, असा तो राजा आहे. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंती हे त्याचे प्रदेश आणि विंध्यापासून मलय-महेंद्रापर्यंतचे पर्वत त्याचे. प्रदेशांची यादी बरीचशी विश्वसनीय आहे. पर्वतांची आणि तीन समुद्रांची भाषा मात्र कवीची. आणि ती एका वृद्ध मातेने गेलेल्या मुलाविषयी काढलेली आहे, हेही विसरू नये. ती स्वतःचे वर्णन सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमलेली राजर्षिवधू असे करविते आणि लेणे भद्रयानीय पंथाच्या भिक्षूंना देते. वर्णसंकर थांबविणारा अद्वितीय ब्राह्मण म्हणून मुलाची स्तुती आणि त्याच लेखात बौद्ध संघाला दान, यात त्या काळच्या कुणालाही विसंगती वाटली नाही.

आज्ञापत्रे वेगळी. तेथे अलंकार नाहीत. राज्यवर्ष १८मध्ये गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवितो की अपरकखडी गावातील, आजवर ऋषभदत्ताच्या म्हणजे उषवदाताच्या ताब्यातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात राजाच्या सैनिकांनी शिरू नये, अधिकाऱ्यांनी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, तेथे जिल्ह्याच्या अंमलदारांची सत्ता चालू नये. या सवलतींवरूनच उलट वाचता येते की इतर गावांत सैनिक शिरत, अधिकारी वसुली करीत आणि मीठ हा राजाचा हक्क होता.

पुढे काय झाले? राज्यवर्ष २४मध्ये राजाचे व राजमातेचे दुसरे पत्र श्यामक या अमात्याला जाते. पूर्वी दिलेले कखडीचे शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरील सरकारी शेतापैकी १०० निवर्तने द्यावे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या मुलुखाचे इतके स्वच्छ चित्र प्रशस्तीत सापडत नाही. जिंकलेली जमीन दान करता आली, कसायला माणसे मात्र सहा वर्षांत आली नाहीत. दिलेले दान निष्फळ ठरल्याची दखल दरबाराने घेतली आणि ते बदलून दिले, तेही निम्म्या क्षेत्राने, पण पिकणाऱ्या जागी. गौतमीपुत्राविषयी लिहिणारे तीन समुद्रांपाशी थांबतात. कखडीचे शेत फारसे कोणी सांगत नाही.

त्याचा काळही नहपानावरूनच ठरवावा लागतो. नहपानाच्या बाजूच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची मानली, तर ४६वे वर्ष म्हणजे इ.स. १२४, आणि गौतमीपुत्राचे १८वे वर्ष त्यानंतर लगेचचे, म्हणून त्याचे राज्यारोहण इ.स. १०६च्या सुमारास. ती वर्षे नहपानाच्या स्वतःच्या राज्याची मानली, तर गौतमीपुत्र पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात जातो. दोन्ही मतांना आज समर्थक आहेत.

पुळुमावी आणि नंतरचे राजे

वासिष्ठीपुत्र पुळुमावी हा गौतमीपुत्राचा मुलगा. भूगोलकार टॉलेमीने 'बैठण' ही सिरिप्टोलेमाइओसची राजधानी व 'ओझेने' म्हणजे उज्जैन ही टियास्टेनेसची राजधानी म्हणून नोंदविली आहे. पहिला श्री पुळुमावी, दुसरा कार्दमक क्षत्रप चष्टन. दोघे समकालीन होते हे यावरून ठरते. कनगनहळ्ळीच्या एका शिल्पाच्या नावपट्टीत राजा पुळुमावी उज्जयिनी देत असल्याचा उल्लेख आहे. माळव्यावरचा ताबा त्याच्या वेळी सुटला असे त्यावरून म्हणावे लागते. पूर्वेकडे मात्र त्याचे राज्य कृष्णेच्या मुखापर्यंत पसरले. अमरावतीच्या स्तूपावर त्याच्या काळचा लेख आहे.

त्यानंतरचा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याने महाक्षत्रपाच्या मुलीशी विवाह केला. कान्हेरीच्या लेखातील ही राणी रुद्रदामनाची कन्या मानली जाते. हा लेख संस्कृतात आहे. सातवाहनांच्या प्राकृत लेखांच्या राशीत तो उठून दिसतो. सासऱ्याने जावयाला सोडले नाही. इ.स. १५०च्या जुनागढ लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड युद्धात हरविले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. या राजाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा मुखवटा आहे. एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविड भाषेतील मजकूर आहे. दोन भाषांच्या प्रजेला एकच नाणे वाचता यावे, ही सोय त्यात दिसते.

यज्ञश्री सातकर्णी हा शेवटचा प्रबळ राजा. नाशिक येथे त्याच्या ७व्या, कान्हेरीला १६व्या आणि आंध्रातील चिन्नगंजाम येथे २७व्या वर्षाचे लेख आहेत. म्हणजे दोन्ही किनारे त्याच्या हाती होते. पूर्व किनाऱ्यावर सापडणारी दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची शिशाची नाणी पुळुमावी व यज्ञश्री यांच्याशी जोडली जातात. त्याच्यानंतर विजय, चंडश्री, पुळुमावी अशी नावे येतात आणि राज्याचे तुकडे पडतात. नाशिककडे आभीर ईश्वरसेन, आंध्रात विजयपुरीचे इक्ष्वाकू, वनवासीकडे चुटू आणि विदर्भात काही काळाने वाकाटक पुढे आले.

कारभार, व्यापार आणि मराठवाडा

राज्याचे 'आहार' नावाचे विभाग होते, उदाहरणार्थ गोवर्धनाहार, मामलाहार. त्यांवर अमात्य असत व त्यांची बदली होत असे. विष्णुपालिताच्या जागी श्यामक आलेला आपण पाहिलाच. महारठी आणि महाभोज हे सरदार मात्र वंशपरंपरागत असून त्यांतील काहींनी स्वतःची नाणीही पाडली. शिसे, तांबे, पोटीन व चांदी या धातूंची नाणी चालत. हत्ती, सिंह, कठड्यातील वृक्ष आणि क्रुसाच्या टोकांना चार वर्तुळे असलेले उज्जयिनी चिन्ह त्यांवर दिसते.

'पेरिप्लस'नुसार भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर होते. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून सुती कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या प्रदेशातून भडोचला जाई. जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या दात्यांत या गावची माणसे आढळतात. तेथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी जवळचे साम्य दाखविते. इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात दख्खनी धाटणीची मूर्ती होती, हे मुद्दाम सांगण्याजोगे. उलट दिशेने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आली.

कन्नडजवळच्या पितळखोरे लेण्यांत पैठणच्या रहिवाशांची नावे कोरलेली आहेत. त्यांत एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी घराण्यातला. एक लेख राजवैद्याचा. आणि यक्षाची मूर्ती घडविणारा कान्हदास नावाचा सोनार. अजिंठ्याची ९ व १० क्रमांकाची लेणीही याच युगातली. राजे स्वतः वैदिक यज्ञ करीत होते आणि लेण्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात व्यापारी, कारागीर, भिक्षुणी व अधिकारी उचलीत होते.

पैठणचे जुने टेकाड १९३७ साली निजाम राजवटीत खणले गेले आणि १९९०च्या दशकातही तेथे उत्खनन झाले. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी व मृण्मूर्ती यांचा मोठा संग्रह पैठणच्या बाळासाहेब पाटील वस्तुसंग्रहालयात, तर तेरचा संग्रह तेथील लामतुरे संग्रहालयात पाहता येतो. रा. श्री. मोरवंचीकर यांचे 'सातवाहनकालीन महाराष्ट्र' हे या विषयावरील मराठीतील महत्त्वाचे पुस्तक आहे. पैठणच्या प्राचीन वस्तीचा बराचसा भाग आजच्या वस्तीखाली आहे. खणता येण्याजोगी जागा दरवर्षी कमीच होत जाणार, हे उघड आहे.

भाषा आणि वाङ्मय

सातवाहनांची राजभाषा प्राकृत. तिच्याच महाराष्ट्री या साहित्यिक रूपातून पुढे अपभ्रंशाच्या वाटेने मराठी आली असे मानले जाते. हालाने संकलित केलेल्या 'गाथासप्तशती'त सुमारे सातशे सुट्या गाथा असून त्या अनेक कवींच्या आहेत. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावेही परंपरेने येतात. शेतकरी, पारधी, प्रवासाला गेलेला नवरा, गोदेचा पूर, विंध्याचे रान हा तिचा विषय. राजाने जमविलेल्या या संग्रहात राजदरबार जवळजवळ नाहीच. सर्व गाथा हालाच्या काळच्याच आहेत असे नाही, पुढेही भर पडत गेली. जर्मन पंडित वेबर यांनी १८८१मध्ये तिची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि स. आ. जोगळेकर यांनी १९५६मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह ती मराठीत आणली.

गुणाढ्याची पैशाची भाषेतील 'बृहत्कथा' लुप्त झाली आहे. तिच्या जन्माची कथा मात्र प्रतिष्ठानच्या दरबारात घडते. जलक्रीडेत राणी राजाला 'मोदकैः' म्हणाली, म्हणजे 'मा उदकैः', पाणी उडवू नका. राजाने लाडू मागविले. राणी हसली व राजा संस्कृत शिकण्याच्या हट्टाला पेटला. सहा वर्षे लागतील असे गुणाढ्य म्हणाला, शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकविले, आणि पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. कथा अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'तली, तिला इतिहास मानू नये. पण सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हते ही आठवण तिच्यात शिल्लक आहे आणि ती शिलालेखांशी जुळते. गुणसंधी शिकविताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शालिवाहन शक

पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत करून शत्रूला हरविले व गुढीपाडव्यापासून शक सुरू केला, ही लोककथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. इ.स. ७८पासून मोजला जाणारा हा संवत सातवाहनांच्या एकाही लेखात वापरलेला नाही. तो वापरला त्यांच्या वैऱ्यांनी, पश्चिमेच्या शक क्षत्रपांनी. रुद्रदामनाचा जुनागढ लेख वर्ष ७२चा, म्हणूनच इ.स. १५०चा ठरतो. पुढे अनेक शतके त्याला 'शकनृपकाल', 'शककाल' असे म्हणत. शालिवाहनाचे नाव त्याला जोडले गेले ते सुमारे तेराव्या शतकापासून, म्हणजे सातवाहनांचे राज्य बुडाल्यावर हजार वर्षांनी. शकांचे निर्दालन करणाऱ्या राजाची स्मृती लोकांत टिकून राहिली आणि 'शक' हा शब्द कोणाचा हे विसरले गेले, तेव्हा दोन्ही एकत्र आले. भारत सरकारने १९५७ साली स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका याच शकाची वर्षे वापरते. तिच्या नावात शालिवाहन नाही. पंचांगात आणि लग्नपत्रिकेत मात्र 'शालिवाहन शके' असेच छापले जाते.